हेडफोन : मेटल संगीताच्या श्रवणासाठी निवड

विद्युत् संदेशांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या आणि डोक्यावरून घेतलेल्या पट्टीच्या आधाराने दोन्ही कानांवर बसविल्या जाणाऱ्या लहान ध्वनिक्षेपकांच्या जोडीस हेडफोन म्हणतात. हेवी मेटल आणि त्यापासून निघालेले थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम इ. प्रकार यांना एकत्रितपणे मेटल संगीत असे नाव आहे. या संगीतासाठी उच्च दर्जाचा हेडफोन निवडणे हा काहीसा वेगळा प्रश्न ठरतो. इतर बहुतेक संगीतात विरूपण (मूळ तरंगाच्या आकारात होणारा बदल) हा दोष समजला जातो. मेटल संगीतात तो गिटारचा इष्ट स्वरगुण होय. जाणूनबुजून विरूपित केलेला हा दाट ध्वनी स्वतःची काहीही भर न घालता कानापर्यंत पोचविणे, हे हेडफोनचे काम असते. ते कितपत साधेल हे हेडफोनच्या किंमतीवरून ठरविता येत नाही.

संगीताचे ध्वनिस्वरूप : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. मेटल संगीताचा आरंभ सामान्यतः तेथपासून मानतात. या वृंदाचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना तुटली. ते डावखुरे वादक असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके याच हाताकडे होते. बोटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवून आणि बारीक तारा वापरून त्यांनी वादन चालू ठेवले. पुढे तारांचा ताण कमी करून गिटार खालच्या स्वरात लावण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील काही रचनांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली लावलेली आहे. त्यामुळे सर्वांत जाड तारेची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) ८२·४ हर्ट्‌झवरून ६९·३ हर्ट्‌झवर आली. अपघातातून आलेल्या या सोयीची पुढे शैली झाली. सात तारांच्या गिटारीवर खालची तार सामान्यतः ६१·७ हर्ट्‌झला, तर आठ तारांच्या गिटारीवर ४६·२ हर्ट्‌झला लावतात. चार तारांच्या बास गिटारची खालची तार ४१·२ हर्ट्‌झला असते. म्हणजे ही दोन वाद्ये आता जवळजवळ एकाच क्षेत्रात येऊन उभी राहिली आहेत.

विवर्धकाच्या मर्यादेपलीकडे संदेश नेला असता तरंगाचे माथे छाटले जातात व मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट इ. कंप्रतांचे अनेक उपस्वर निर्माण होतात. एकाच वेळी दोन स्वर वाजविल्यास त्यांच्या बेरजेच्या व वजाबाकीच्या कंप्रताही उमटतात. मूळ स्वर व त्याचा पंचम या मेटल संगीतातील नेहमीच्या जोडीचे उदाहरण घेतल्यास, ८२·४ व १२३·५ हर्ट्‌झ यांच्या फरकातून सु. ४१ हर्ट्‌झचा, मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा, नाद निर्माण होतो. या जोडीला जो भारदस्तपणा जाणवतो त्याचे हे एक कारण होय. गिटारसाठी वापरले जाणारे सु. ३० सेंमी. व्यासाचे ध्वनिक्षेपक ५,००० हर्ट्‌झच्या वर वेगाने क्षीण होतात. त्यामुळे विरूपित गिटारची जवळजवळ सर्व ऊर्जा त्याखाली कोंबलेली असते. गुरगुरत्या किंवा किंचाळत्या आवाजातील गायनाला बहुधा निश्चित स्वर नसतो व त्याची ऊर्जाही याच पट्ट्यात पसरते. पायाने वाजवावयाच्या मोठ्या ढोलाचा धक्का ५० ते १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. परंतु द्रुत लयीत प्रत्येक आघात वेगळा कळतो तो त्याच्या ३,००० ते ५,००० हर्ट्‌झमधील ‘टक्’ अशा आवाजामुळे. झांजांचे (सिंबल) क्षेत्र याच्याही वर, सु. १५,००० हर्ट्‌झपर्यंत जाते. सारांश, साधारणपणे २०० ते ५,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात दोन किंवा अधिक गिटारी, गायन व ढोल यांची गर्दी असते आणि हेडफोनची खरी परीक्षा तेथेच होते. विक्रेते मात्र बहुधा अगदी खालच्या व अगदी वरच्या कंप्रतांचे आकडे पुढे करतात.

हे संगीत भारतातही रुजले आहे. मुंबईतील डेमॉनिक रेझरेक्शन हा वाद्यवृंद २००० साली स्थापन झाला व आयर्न मेडन या इंग्लिश वृंदाने आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत केला.

रचना व प्रकार : अमेरिकेतील यूटा राज्यातील नाथॅनिएल बॉल्डविन यांनी १९१० साली अमेरिकन नौदलास पुरविलेले हेडफोन हे आधुनिक हेडफोनचे पूर्वज होत. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये मिलवॉकी येथे स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन तयार केला आणि तेव्हापासून हे साधन संदेशवाहकांकडून संगीतरसिकांकडे आले. जर्मनीतील सेनहायझर या कंपनीचा एचडी ४१४ (१९६८) हा मागील बाजू उघडी असलेला पहिला हेडफोन होय.

आज तीन प्रकार प्रचारात आहेत. सर्वाधिक रूढ असलेल्या गतिक प्रकारात पातळ पटलाला चिकटविलेले तारेचे वेटोळे चिरचुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हलते. दुसऱ्या, समतल चुंबकीय प्रकारात वेटोळे नसून पटलाच्या संपूर्ण पृष्ठावर संवाहक पट्ट्या बसविलेल्या असतात व चुंबकांची रांग पटलाच्या एका किंवा दोन्ही बाजूंस असते. पटल सर्व पृष्ठावर सारखेच ढकलले जात असल्यामुळे या प्रकारात खर्जातील विरूपण कमी राहते आणि खर्ज ३० हर्ट्‌झपर्यंत न घसरता जातो. आठ तारांची गिटार व पाच तारांची बास गिटार (खालची तार ३०·९ हर्ट्‌झ) ऐकणाऱ्यास हा गुण विशेष उपयोगी पडतो. मोठ्या चुंबकांमुळे वजन मात्र वाढते. तिसऱ्या, स्थिर विद्युत् प्रकारात भारित पटल दोन सच्छिद्र विद्युत् अग्रांमध्ये कंप पावते. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये तो बाजारात आणला. त्याला उच्च विद्युत् दाब पुरविणारा खास विवर्धक लागतो. तपशील स्पष्ट करण्यात तो अद्वितीय असला, तरी ढोलाचा शारीरिक धक्का ज्यांना हवा असतो त्यांचे समाधान त्याने सहसा होत नाही.

कंप्रता प्रतिसाद : निरनिराळ्या कंप्रतांना हेडफोन किती तीव्रतेने प्रतिसाद देतो याचा आलेख हा निवडीचा मुख्य आधार होय. मात्र उत्तम हेडफोनचा आलेख सपाट नसतो. मोकळ्या हवेतून येणारा ध्वनी बाह्यकर्ण व कर्णनाल यांच्यातील अनुस्पंदनामुळे ३,००० हर्ट्‌झच्या आसपास पडद्याशी १० डेसिबेलहून अधिक वाढलेला असतो. हेडफोन या नैसर्गिक वाटेत फेरफार करीत असल्यामुळे ही वाढ त्याने स्वतः पुरवावी लागते. शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारापासून हार्मन कंपनीत श्रोत्यांवर तुलनात्मक प्रयोग केले. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या ध्वनिक्षेपकासारखा ऐकू येणारा हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतो, असे त्यांतून दिसून आले. जेरोएन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मापनांवरून दाखविले की, कंप्रता प्रतिसाद व किंमत यांत काहीही सहसंबंध आढळत नाही. वाढत्या किंमतीबरोबर बांधणी, साहित्य व क्वचित विरूपणाची पातळी सुधारते. स्वरांचा समतोल सुधारेलच असे नाही.

मेटल संगीताच्या दृष्टीने आलेखातील काही जागा विशेष महत्त्वाच्या आहेत. १०० ते २५० हर्ट्‌झमध्ये फुगवटा असेल, तर ढोल, बास गिटार व गिटारचा खालचा भाग एकमेकांत मिसळून सर्व ध्वनी गढूळ होतो. ‘भरपूर खर्ज’ म्हणून नवख्या ग्राहकास भुरळ पाडणारा हेडफोन बहुधा या दोषाचा धनी असतो. वाढ हवीच असेल, तर ती १०० हर्ट्‌झच्या खाली असावी. १,००० ते २,००० हर्ट्‌झमध्ये खळगा असेल, तर गिटारी मागे सरतात व गायक एका वेगळ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. ३,००० ते ४,००० हर्ट्‌झमधील वाढ प्रमाणाबाहेर गेल्यास विरूपित गिटार अर्ध्या तासात कानाला टोचू लागते. ६,००० ते ९,००० हर्ट्‌झमधील अरुंद शिखर सर्वांत त्रासदायक ठरते. कारण झांजा सतत वाजत असतात व त्या शिखरामुळे त्यांचा नाद फुटक्या काचेसारखा होतो.

प्रसिद्ध हेडफोनांवरून हे अधिक स्पष्ट होईल. सेनहायझर एचडी ६०० (१९९७) याचा मध्यपट्टा अत्यंत समतोल असल्यामुळे गिटार व गायन यांचा खरा स्वरगुण त्यातून कळतो. मात्र अगदी खालचा खर्ज त्यात उतरत जातो. त्याच कंपनीचा कितीतरी अधिक महाग असा एचडी ८०० (२००९) हा मोठ्या वाद्यवृंदाच्या सिंफनीसाठी नावाजला गेला, पण त्याच्या ६,००० हर्ट्‌झजवळील शिखरामुळे मेटल संगीत त्यावर अनेकांना असह्य वाटते. नंतरच्या एचडी ८०० एस या आवृत्तीत हे शिखर खाली आणण्यासाठी खास शोषक पोकळी बसविण्यात आली. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० या हेडफोनबद्दलही, ८,००० हर्ट्‌झच्या आसपास, अशीच तक्रार केली जाते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ग्राडो कंपनीचे हेडफोन वरचा मध्यपट्टा उंचावतात. त्यामुळे गिटारला धार येते व साठ-सत्तरच्या दशकांतील रॉक आणि आरंभीचे मेटल त्यांवर रंगते, परंतु डेथ मेटलमधील खर्ज त्यांतून पुरेसा येत नाही. कॅलिफोर्नियातील ऑडीझी कंपनीच्या एलसीडी मालिकेतील समतल चुंबकीय हेडफोन याच्या उलट, खर्जात खोल व भक्कम आहेत. फ्रान्सच्या फोकल कंपनीचा बेरिलियमच्या पटलाचा यूटोपिया हा हेडफोन २०१६ मध्ये सु. ४,००० डॉलर किंमतीस बाजारात आला. त्याची आघाताची स्पष्टता वाखाणली जाते, पण तिच्यासाठी एवढा खर्च करावा काय, हा प्रत्येकाच्या खिशाचा प्रश्न आहे.

मेटल संगीताला ‘जलद’ हेडफोन लागतो असे नेहमी सांगितले जाते. मिनिटास २०० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेस चार आघात धरले, तर सेकंदास सु. १३ आघात होतात व दोन आघातांत ७५ मिलिसेकंदांचे अंतर राहते. १०,००० हर्ट्‌झचा ध्वनी काढू शकणारे पटल एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात एक कंपन पुरे करते. तेव्हा वेग कमी पडण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. ज्याला संथपणा म्हटले जाते तो बहुतांशी वर उल्लेखिलेला १०० ते २५० हर्ट्‌झमधील फुगवटा असतो किंवा एखाद्या अनुस्पंदनामुळे आघातानंतर रेंगाळणारा नाद असतो. दोन्ही गोष्टी कंप्रता प्रतिसादाच्या आलेखात दिसतात.

ध्वनिमुद्रणाच्या मर्यादा : मेटॅलिका या अमेरिकन वृंदाच्या ...अँड जस्टिस फॉर ऑल (१९८८) या ध्वनिमुद्रिकेत बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण मिश्रण करताना ती दाबून टाकण्यात आली. खर्ज वाढविणाऱ्या हेडफोनने येथे फक्त ढोल व गिटार फुगतात. याच वृंदाची डेथ मॅग्नेटिक (२००८) ही ध्वनिमुद्रिका इतक्या उच्च पातळीवर दाबून बसविली गेली की, तरंगांचे माथे ध्वनिमुद्रणातच छाटले गेले. त्याच रचनांची कमी दाबलेली रूपे एका संगणकीय खेळात उपलब्ध झाल्यावर श्रोत्यांनी उघड निषेध नोंदविला. नॉर्वेच्या डार्कथ्रोन वृंदाची ट्रान्सिल्व्हेनियन हंगर (१९९४) ही चार मार्गांच्या घरगुती यंत्रावर मुद्रित झाली असून तिचा खरखरीतपणा हा हेतुपुरस्सर आहे. हेडफोन जितका निर्दोष, तितके हे सर्व अधिक उघडे पडते. त्यामुळे ज्याचा संग्रह मुख्यतः अशा ध्वनिमुद्रणांचा आहे, त्याने तार सप्तकात किंचित सौम्य असलेला हेडफोन घेणे यात गैर काही नाही. शुद्धतावादी काहीही म्हणोत.

विवर्धक : विद्युत् संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा विरोध) ३०० ओहम असलेल्या हेडफोनला स्वतंत्र विवर्धक हवाच, असा समज दृढ आहे. एचडी ६०० हा १ व्होल्टला ९७ डेसिबेल तीव्रता देतो. खिशातल्या लहान परिवर्तकातूनही बहुधा एवढा दाब मिळतो. दाबून मुद्रित केलेल्या आधुनिक मेटल ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी कमाल पातळीच्या खाली केवळ ८ ते १० डेसिबेल असते. म्हणजे सरासरी ८७ डेसिबेल किंवा अधिक तीव्रता सहज मिळते व ती पुरून उरते. सिंफनीत हे अंतर २० डेसिबेल किंवा अधिक असल्यामुळे तेथे विवर्धकाची गरज खरी असते. मेटलच्या श्रोत्यास ती तुलनेने कमी आहे, ही गोष्ट विक्रेत्यांकडून क्वचितच ऐकावयास मिळते. काही समतल चुंबकीय हेडफोन मात्र फार कमी संवेदनशील असतात आणि त्यांस शक्तिमान विवर्धक द्यावाच लागतो. विवर्धकाचा निर्गम संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा. तो जास्त असल्यास ज्यांचा संरोध कंप्रतेप्रमाणे बदलतो अशा गतिक हेडफोनांत खर्जाचा वरचा भाग फुगतो.

बांधणी व बसणे : उघड्या पाठीच्या हेडफोनमधून ध्वनी मोकळा येतो, परंतु तो शेजाऱ्यासही ऐकू जातो व बाहेरचा गोंगाट आत शिरतो. बंद पाठीच्या हेडफोनमधील पोकळीत अनुस्पंदने होतात. ती आवरण्यासाठी खर्च करावा लागतो. घरात ऐकण्यासाठी पहिला व प्रवासासाठी दुसरा, ही विभागणी योग्य होय. आगगाडी व विमान यांतील खालच्या कंप्रतांचा सततचा घरघराट विद्युत् मार्गाने विरुद्ध तरंग निर्माण करून घटविता येतो. बंगाली वंशाचे अमेरिकन अभियंते अमर गोपाळ बोस (१९२९–२०१३) यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली व १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडफोन विक्रीस आणला.

कानाभोवतीची गादी डोक्याला घट्ट टेकली नाही, तर विशेषतः बंद व समतल चुंबकीय हेडफोनांत खर्ज गळून जातो. चष्म्याच्या काड्या व लांब केस हे त्याचे नेहमीचे कारण असते. मेटलच्या श्रोतृवर्गात दुसऱ्या कारणाची वाण नाही. गाद्या झिजल्या की, स्वरांचा समतोलही बदलतो, म्हणून सुटे भाग मिळतात किंवा नाही याची खातरजमा खरेदीपूर्वी करावी. वजनाचाही विचार करावा : एचडी ६०० सु. २६० ग्रॅमचा, तर एलसीडी मालिकेतील काही हेडफोन सु. ६०० ग्रॅमचे आहेत. तालावर मान झटकण्याची सवय असलेल्यास हा फरक लगेच कळतो.

पारख : दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंची तीव्रता समान ठेवणे अत्यावश्यक आहे, एखाद-दोन डेसिबेलने मोठा वाजणारा हेडफोन कानाला चांगलाच वाटतो व दुकानातील बहुतेक चुकीचे निर्णय यामुळे होतात. परिचित ध्वनिमुद्रिका निवडाव्यात. स्लेअरची रेन इन ब्लड (१९८६) ही कोरड्या, प्रतिध्वनिरहित मुद्रणामुळे आघातांच्या स्पष्टतेसाठी उपयोगी आहे. ओपेथची ब्लॅकवॉटर पार्क (२००१) मंद व प्रचंड अशा दोन्ही भागांमुळे एकूण समतोल दाखविते. पाच मिनिटांत प्रभाव पाडणारा हेडफोन पुष्कळदा तासाभराने थकवा आणतो, म्हणून परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणी खरेदी करणे बरे. हाती असलेल्या हेडफोनचा दोष एखाद्या शिखरापुरता असेल, तर संगणक किंवा दूरध्वनीमधील समकारकाच्या साहाय्याने तेवढीच कंप्रता ३-४ डेसिबेलने उतरविणे, हा नव्या खरेदीपेक्षा पुष्कळदा अधिक परिणामकारक व बिनखर्चाचा उपाय ठरतो.

श्रवणाची पातळी : जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यास ४० तासांपर्यंत ८० डेसिबेल इतका ध्वनी ऐकावा. तीव्रता दर ३ डेसिबेलने वाढली की, सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबेलला तो आठवड्यास ५ तासच उरतो. मेटल संगीतात मंद भाग कमी असल्यामुळे कानास मधूनमधून मिळणारी विश्रांती येथे मिळत नाही. कमी विरूपणाचा हेडफोन येथे नकळत धोका वाढवितो : स्वस्त साधन मोठ्या आवाजात किरकिरू लागते व श्रोता तो कमी करतो, तर उत्तम साधन ९५ डेसिबेललाही स्वच्छच वाजते व किती मोठे ऐकतो आहोत याचा अंदाज राहत नाही. गोंगाटामुळे होणारी श्रवणहानी प्रथम ४,००० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते. म्हणजे ढोलाचा ‘टक्’ व गिटारची धार ज्या क्षेत्रात असतात नेमके तेच क्षेत्र आधी जाते. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या रोमकोशिका पुन्हा उगवत नाहीत. अशा श्रोत्यास आपला हेडफोन कालांतराने निस्तेज वाटू लागतो व तो आवाज वाढवितो किंवा अधिक तीक्ष्ण हेडफोन विकत घेतो.